सरळ रस्त्यावर हलणारे हात

भाचीला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि तिला जीप चालवून बघायची होती. सोलापूरजवळच्या नान्नजच्या पुढं शेताकडं जाताना रस्ता मोकळा दिसला म्हणून मी गाडी कडेला घेतली आणि आम्ही जागा बदलल्या. दोन्ही बाजूंना काढून आडवी पडलेली ज्वारी, उन्हानं पांढरा पडलेला डांबरी रस्ता, आणि नजर पोचेल तिथपर्यंत एकही वळण नाही. शिकायला याहून चांगली जागा कुठली? तिनं गिअर नीट टाकले, क्लच सोडताना गचका दिला नाही, मी मनात कौतुकही केलं. मग जीप हळूच डावीकडं सरकायला लागली. तिनं स्टीअरिंग उजवीकडं वळवलं, काही झालं नाही. आणखी वळवलं, आणि मग एकदमच झालं. समोरून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्यानं काहीतरी ओरडत आपली चाकं रस्त्याखाली उतरवली आणि आम्ही या काठावरून त्या काठाला जाऊन परत आलो. तिनं गाडी थांबवली, हात स्टीअरिंगवरच ठेवले आणि म्हणाली, "मामा, हे स्टीअरिंग दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीला जोडलंय." मी हसलो. म्हटलं, जुन्या गाड्या अशाच असतात, सवय लागते. "सवय लागेपर्यंत जिवंत राहायला पाहिजे की," असं म्हणून ती उतरली.

उरलेला रस्ता मी चालवला. गाडी अगदी सरळ गेली.

आणि तेच खुपायला लागलं. तीच गाडी, तोच रस्ता, मग तिच्या हातात ती पिसाळते आणि माझ्या हातात गरीब होते, हे कसं? परत येताना मी रस्त्याबरोबर माझ्या हातांवरही लक्ष ठेवलं. ते एक क्षण थांबत नव्हते. दोन बोटं डावीकडं, दोन बोटं उजवीकडं, परत डावीकडं. गाडी सरकायच्या आधीच हात तिला आडवे जात होते. मला वाटत होतं की मी नुसतं स्टीअरिंग धरून बसलोय, आणि प्रत्यक्षात ती सरळ चालत होती ती माझ्या हातांच्या अखंड लबाडीमुळं. घरी येऊन अंगणात गाडी बंद केली, खाली उतरून खिडकीतून एका बोटानं स्टीअरिंग फिरवलं आणि पुढच्या चाकाकडं बघत राहिलो. रिमवर चांगली चार बोटं फिरलं तेव्हा कुठं चाकानं दखल घेतली.

हे हात मी आधी पाहिलेले होते. वडिलांचे, आप्पांचे. त्यांनी ही जीप एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. तेव्हा तिच्यावर खात्याचं नाव पुसून काढल्याचा वेगळ्या रंगाचा चौकोन होता आणि आत जळक्या डिझेलचा, तापलेल्या रेक्झिनचा आणि का कोण जाणे, ओल्या गोणपाटाचा वास यायचा. मे महिन्यात स्टीअरिंगला हात लावता यायचा नाही, इतकं तापायचं. आप्पा त्याच्यावर ओला पंचा टाकून ठेवायचे आणि निघताना तोच पंचा गळ्यात. आम्ही पोरं मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून. अक्कलकोटला जाताना मी मागून आप्पांचे हात बघायचो. रस्ता सुतासारखा सरळ आणि आप्पांचे हात मात्र सारखे हलतायत. जुन्या सिनेमांत हिरो गाडी चालवताना, मागचा पडदा सरळ पळत असतानाही, स्टीअरिंग डावी-उजवी करत गाणं म्हणायचा, आणि आमची त्यावर तक्रार नसायची, कारण आमच्या माहितीतली एकुलती एक गाडी तशीच चालायची. गाडी चालवणं म्हणजे हात हलवत राहणं, अशीच माझी समजूत होती. पुढं मी शिकलो तोही त्याच गाडीवर. म्हणजे गाडीबरोबर तिची खोडही मला वारशानं मिळाली, आणि ती खोड आहे हे सांगायला एक बाहेरचा हात लागला.

स्टीअरिंगच्या चाकापासून रस्त्यावरच्या चाकापर्यंत किती सांधे असतात, हे एकदा गाडीखाली आडवं होऊन बघावं. दांडा खाली स्टीअरिंग बॉक्समध्ये जातो, बॉक्समध्ये वर्म, म्हणजे आटे पाडलेला जाड दांडा, आणि त्या आट्यांवर फिरणारा रोलर, त्यातून बाहेर ड्रॉप आर्म, त्याला ड्रॅग लिंक, मग दोन्ही चाकांना बांधणारा टाय रॉड, प्रत्येक टोकाला बॉल जॉइंट, मग चाक ज्याच्यावर डावी-उजवी वळतं तो किंगपिन आणि सगळ्यात शेवटी व्हील बेअरिंग. प्रत्येक ठिकाणी केसाएवढी झीज झाली तरी वर हाताला चार बोटं लागतात. गाडीचा मालक म्हणतो, स्टीअरिंगमध्ये प्ले आहे, म्हणजे ते पोकळ फिरतं. पण प्ले स्टीअरिंगमध्ये फक्त कळतो, असतो दुसरीकडं. आणि कुठं असतो, हे चालवणाऱ्याला बसल्या जागी कळायची सोय नाही.

बॉक्सची झीज तर वेगळीच. वर्म सगळीकडं सारखा झिजत नाही, मधोमध झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते आणि रोलर त्याच एका जागेवर घासत राहतो. आमच्याकडचे रस्ते बघा, हैदराबाद रोड घ्या, विजापूर रोड घ्या, काळ्या रानातून आखल्यासारखे गेलेले. माझी अशी एक थिअरी आहे की सोलापुरातल्या जुन्या जीपचा बॉक्स कोकणातल्या जीपपेक्षा लवकर मधे खलास होत असणार. कोकणातल्या ड्रायव्हरचा रोलर बिचारा सगळीकडं फिरून येतो. थिअरी तपासायला कोकणातली जीप उघडायला कोण देणार, हा प्रश्न आहे.

तर आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडी चालवलीही नाही. बॉनेट उघडलं, बॉक्सवरचा नट ढिला केला, मधला स्क्रू पेचकसानं आवळला, नट परत बसवला, आणि म्हणाला, झालं. खरंच झालं होतं! चार बोटांची दोन बोटं झाली होती. मी खुशीत निघालो आणि आसरा चौकात वळलो, तर स्टीअरिंग वळलेलंच राहिलं. एरवी वळण संपलं की ते आपोआप हातातून परत फिरायचं, ते आता ओढून आणावं लागलं. तो स्क्रू रोलरला वर्मवर दाबतो. मधे झिजलेला खड्डा भरून निघेपर्यंत दाबला की मधे ठीक वाटतं, पण वळताना रोलर न झिजलेल्या भागावर चढतो आणि तिथं जाम होतो. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा नुसतं एवढं जाणवलं की गाडीनं कुणाचातरी राग धरलाय.

दुसरीकडं टाय रॉडची टोकं बदलली, कारण त्या माणसाचा भाऊ टाय रॉडची टोकं विकत होता. तिसरीकडं कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केली. चाकांना आरसे लावले, पडद्यावर लाल-हिरवे आकडे नाचले, पोरानं टाय रॉड फिरवून टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलीत तो आकडा, हिरवा केला आणि छापील कागद हातात दिला. त्या कागदावर कॅस्टरचा, म्हणजे किंगपिन किती मागं झुकलाय त्याचा, आकडा लाल होता. मी विचारलं, तर म्हणाला, "ते ह्या गाडीला सेटच होत नाही, सर." त्याचंही खोटं नव्हतं. एकसंध आक्सल असलेल्या गाडीला कॅस्टर फिरवायला पेचच नसतो. मी कागद घडी करून टूलबॉक्समध्ये टाकला. प्रत्येकानं आपापल्या फळीवर जे होतं ते माझ्या गाडीत शोधून काढलं होतं. दोष तरी कुणाला द्यायचा? मी आजाराचं नाव सांगत गेलो, लक्षण सांगितलंच नाही, आणि लक्षण विचारावं असं त्यांनाही वाटलं नाही.

मग ते लांबोटीचं झालं.

पुणे हायवेवर सीनेच्या पुलावर चढताना जॉइंटचा खड्डा असतो, सगळ्यांना ठाऊक आहे. काटा साठच्या थोडा पुढं होता. डावं चाक जॉइंटवर आपटलं आणि दुसऱ्या क्षणी स्टीअरिंग माझ्या हातातून सुटल्यासारखं डावी-उजवी, डावी-उजवी आपटायला लागलं. थरथर नव्हे, आपटणं. बॉनेट फडफडत होतं, काचेची चौकट हलत होती, मागं टूलबॉक्समधले पाने नाचत होते आणि पुढची दोन्ही चाकं आपल्या मर्जीनं नकारार्थी माना हलवत होती. मी स्टीअरिंग घट्ट धरलं, तर ते आणखी चेकाळलं. ॲक्सिलरेटर सोडला. वेग चाळिशीच्या खाली आला तेव्हा ते जसं सुरू झालं तसंच थांबलं, आणि जीप शहाण्यासारखी चालायला लागली. मागचा ट्रकवाला हॉर्न देत निघून गेला. लांबोटीला चिवडा घ्यायला थांबलो तर पुडा हातात धरवेना, बोटं अजून आतून हलत होती. दुकानदारानं न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या रस्त्यावर बसलेल्या माणसाला असे चेहरे ओळखता येत असावेत.

आक्सल एकसंध असला की दोन्ही चाकं टाय रॉडनं एकमेकांच्या हातात हात घालून असतात. एकाला बसलेला हिसका दुसऱ्याकडं जातो, दुसरं तो परत करतो. मधल्या सांध्यांनी तो गिळला पाहिजे. किंगपिन घट्ट असेल, कॅस्टर बरोबर असेल तर तो एका झटक्यात जिरतो. नसेल तर तो हिसका जिरायच्या ऐवजी वाढत जातो. यावर कुणीतरी स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे हिसके गिळणारी नळी, सुचवला, मी बसवला. आपटणं थांबलं. पण आता स्टीअरिंग मुकं झालं. आधी निदान रस्त्याचं काहीतरी सांगायचं, आता काहीच सांगेना. आणि मला पहिल्यांदाच त्या गाडीची भीती वाटायला लागली. आधी ती वाईट चालत होती आणि मी निर्धास्त होतो, आता ती बरी चालत होती आणि साठच्या पुढं माझे खांदे कानाला लागत होते.

मिस्त्री सापडला तो एका टेंपोवाल्याकडून. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं, पत्र्याचं छप्पर, समोर लिंबाचं झाड, पलीकडं यंत्रमागांची खटखट. खटखट इतकी की माणसं बोलताना आपोआप ओरडतात. मिस्त्री पोराशी कन्नडमध्ये बोलायचा, फोनवर तेलुगूत आणि गिऱ्हाइकाशी सोलापुरीत. मी सुरुवात केली, "किंगपिन गेले असतील बहुतेक..." त्यानं हात वर केला. "ते ऱ्हाऊ द्या की मालक. काय होतंय ते सांगा." मी सांगितलं. त्यानं विचारलेले प्रश्न असे: गाडी एका बाजूला ओढते की दोन्हीकडं भटकते? ब्रेक मारल्यावर ओढते की नुसती चालताना? वळल्यावर परत येते का? जड कधी लागते, थांबलेली असताना की फिरताना? रिकामी असताना जास्त का भरलेली असताना? काही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं होती, काहींची मी तिथंच बसून आठवून काढली.

मग तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, चालवा. होटगी रोडकडं गेलो, वळलो, परत आलो. तो रस्त्याकडं बघतच नव्हता. "काय मिस्त्री, लक्ष कुठाय?" "तुमचे हात बघलालो," तो म्हणाला. "गाडी खोटं बोलती, हात खरं बोलतात. लई सवय झाल्याय तुम्हाला." मग त्यानं स्वतः चालवली, दोन बोटांत स्टीअरिंग धरून, जवळजवळ सोडूनच. जीप भटकेल तशी भटकू दिली. रस्ता डावीकडं उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. तेवढी ती डावीकडं जाणारच, तेवढं माफ, असं म्हणाला. बाकीचं बघू.

गॅरेजमध्ये आल्यावर त्यानं आधी पुढच्या दोन्ही ड्रमना हात लावून बघितला. एक ब्रेक धरत असेल तर तो ड्रम तापतो आणि गाडी तिकडं ओढते. दोन्ही सारखेच कोमट होते. मग हवा. मग टायरवरून तळवा फिरवला, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एकीकडं जाताना गुळगुळीत आणि परत येताना कडा बोचत असतील तर टो चुकलाय. मलाही हात लावायला लावला. खरंच बोचत होतं. मग फोर-व्हीलचा लिव्हर आणि पुढच्या हबचे नॉब बघितले, दोन्ही फ्री आहेत ना. यावर त्यानं एका बागायतदाराची गोष्ट सांगितली. गृहस्थ चिखलातून बाहेर आले आणि लिव्हर तसाच ठेवून डांबरीवरून तुळजापूरला निघाले. घाटात स्टीअरिंग इतकं जड झालं की पॉवर स्टीअरिंगचा पंप गेला म्हणून आले. अशा गाडीत पुढच्या-मागच्या आक्सलमध्ये मधला डिफरन्शियल, म्हणजे दोघांना आपापल्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा, नसतो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर काटायचं असतं आणि मागची त्यांना जाऊ देत नाहीत. चिखलात चाक घसरून हिशेब मिटतो, कोरड्या डांबरावर कुठं मिटणार? "लिव्हर काढला, चहा पाजला, पाठवून दिलं. पैसं घेतलं नाही," मिस्त्री म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "पंपाचं गिऱ्हाइक गेलं की ओ."

आणि मग ते काम, ज्यासाठी दोन माणसं लागतात. मिस्त्री गाडीखाली गेला, जीप चारही चाकांवर उभी, आणि मला वर बसवलं. "हलवा. जास्त नको. प्ले संपतंय तिथवर, मग परत." मी हलवत राहिलो. खाली तो प्रत्येक सांध्याला बोटं लावून पडलेला. सांधा धरायचा असा की अर्धं बोट एका तुकड्यावर आणि अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही बरोबर हलले तर सांधा चांगला, एक आधी आणि दुसरा मागून आला तर गेला. वर बसलेल्याला नुसता खट्ट आवाज येतो, कुठून ते कळत नाही. खाली पडलेल्याला सगळं दिसतं, पण तो स्वतः हलवू शकत नाही. टाय रॉड ठीक, नवाच होता. ड्रॅग लिंक एका टोकाला किंचित. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. "परत हलवा." हलवलं. "परत." त्यानं पोराकडं ब्रश आणि रॉकेल मागितलं. घासल्याचा आवाज. ग्रीसचा आणि काळ्या मातीचा जाडजूड थर खाली पडत होता. "आता हळू हलवा. लई हळू." आणि मग तो एकदम कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, त्याचा अर्थ मी विचारला नाही.

बॉक्स जिथं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं बांधलेला असतो, तिथं चासीलाच तडा होता.

मी खाली जाऊन पाहिला. पोरगं वर बसून स्टीअरिंग हलवत होतं. ड्रॉप आर्म हलायच्या आधी अख्खा बॉक्स चासीसकट श्वास घेतल्यासारखा पुढं-मागं होत होता, आणि तड्याच्या कडेनं बारीक तांबूस भुकटी साचली होती. लोखंड लोखंडावर घासलं की गंजाची अशी भुकटी पडते. मिस्त्री म्हणतो, तडा शोधायचा तर आधी भुकटी शोधा. आम्ही बॉक्सचा स्क्रू आवळत होतो, सांधे बदलत होतो, आणि ज्याच्यावर हे सगळं उभं होतं तेच उभं नव्हतं. पण मिस्त्रीचं बोट तड्यावरून पुढं सरकलं आणि थांबलं. "हे बघा." तड्याच्या अगदी शेजारून एक जुनी, जाड, नीट बसलेली वेल्डिंगची रेघ जात होती. "आधी कुणीतरी केलंय हे. हात चांगला होता. वरनं पट्टी मारली नाही एवढंच. शेजारनं परत फाटलं."

ती रेघ बघून मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. म्हणजे हे नवीन नव्हतं. आम्ही मागच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून अक्कलकोटला जात होतो तेव्हा कधीतरी हा तडा होता, किंवा नुकताच भरला होता. आप्पांना माहीत होतं का? की हे लिलावाच्या आधीच, खात्याच्या वर्कशॉपमध्ये झालं होतं आणि आप्पांनाही कधी कळलं नाही? त्यांचे ते हलणारे हात आठवले. ते सवयीनं हलत होते की माहिती असून? रात्री जेवताना आईला विचारलं. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "एकदा बरेच दिवस ठेवली होती कुठंतरी. पाटे करायला दिलीय म्हणाले, त्या खालच्या स्प्रिंगा. घरात पैशाची ओढाताण होती तेव्हा, म्हटलं पाट्याला एवढे पैसे कशाला लागतात. गाडी आली त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांना गड्ड्याला घेऊन गेले, आठवतं का?" गड्डा, सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, आठवत होता. मौत का कुआँ आठवत होता, भाग्यश्री आकड्यांच्या दुकानात लागलेली स्टीलची वाटी आठवत होती. जीप आठवत नव्हती. पाटे असतीलही. आईला अधिक विचारलं तर ती त्या ओढाताणीकडं वळली, कोणाकडून उसने घेतले आणि कुणी दिले नाहीत, आणि त्यात तासभर गेला.

बाकीचे दोषही मिस्त्रीनं एकेक करून बाहेर काढले. तडा सापडला म्हणून तो थांबला नाही, हे मला फार आवडलं. जॅक लावून पुढचं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं. चाक हललं. "ब्रेक दाबून धरा." मी दाबला. तरी हललं. ब्रेक दाबल्यावर थांबलं असतं तर व्हील बेअरिंग. नाही थांबलं, म्हणजे किंगपिन. तीन आणि नऊवर धरून हलवलं तर टाय रॉड बोलतो. टाय रॉड सोडवून त्यानं नकलच्या, म्हणजे किंगपिनवर फिरणाऱ्या तुकड्याच्या, भोकात भंगारवाल्याकडं असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि ओढला. चाक वळायला किती जोर लागतो ते काट्यावर वाचायचं. काहीच लागत नव्हता, नकल लोण्यात असल्यासारखा फिरत होता. किंगपिनच्या टोपीखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी करून बेअरिंगवर दाब आणायचा, काट्यावर हवा तेवढा जोर दिसेपर्यंत.

मग मी तो अलाइनमेंटचा कागद काढला, घडीवर फाटलेला. मिस्त्रीनं डोळ्यांजवळ धरून वाचला आणि हसला. "ह्यानं सांगितलंय की सगळं." कॅस्टर जवळपास शून्य. जुन्या विलीस जीपच्या मॅन्युअलमध्ये तो ३ अंश दिलाय. किंगपिनचा वरचा भाग किंचित मागं झुकलेला हवा, म्हणजे गाडी चालताना चाक आपणहून सरळ राहू बघतं. सायकलचे दोन्ही हात सोडले तरी ती सरळ जाते ना, त्यात पुढच्या चिमट्याच्या अशाच कलाचाही वाटा असतो. मोठे टायर मावावेत म्हणून मधे कधीतरी पुढं लांब शॅकल, म्हणजे पाटे चासीला टांगणाऱ्या कड्या, लावले होते, ते शॅकल पाटे खाली ढकलत होते आणि त्यांनी आक्सल पुढं झुकवला होता. म्हणजे रुबाबासाठी उंच केलेली गाडी सरळ चालायचं विसरली होती. इथं मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, मी लिंबाच्या झाडाकडं.

काम चाललं ते असं: बॅटरी सोडवली, बॉक्स खाली घेतला, तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे तो पुढं धावत नाही, कडा ग्राइंडरनं खोल केल्या, वेल्डिंग, वर जाड पट्टी. जुनी रेघ त्यानं घासली नाही, तिच्यावरूनच पट्टी गेली. शॅकल मूळ मापाचे, आक्सल आणि पाट्यांमध्ये पोलादी पाचर, नवे यू-बोल्ट. बॉक्सचा स्क्रू ढिला केला, चाकं सरळ ठेवून, जाम होणार नाही एवढाच परत आवळला. थोडा प्ले राहू दिला, मध्ये झिजलेला बॉक्स याहून घट्ट करायचा नसतो. डॅम्पर काढून माझ्या हातात दिला. "सगळं नीट झालं की परत लावा वाटलं तर. आता लावलं तर काय बिघडलंय ते मला कळणार नाही." शेवटी टो-इन. चाकं उचलून खडूनं टायरच्या मधोमध रेघ मारली, खाली ठेवून एकात एक घातलेल्या दोन नळ्यांनी पुढचं आणि मागचं अंतर मापलं. पुढं किंचित कमी पाहिजे, विलीसच्या मापात ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे पुरतं एक सूतही नाही. कॉम्प्युटरनं दिलेला टो बरोबरच होता म्हणे, फक्त तो ढिल्या सांध्यांच्या गाडीवर मापलेला होता.

गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच किलोमीटरला मी रस्त्यावर नागमोडी जायला लागलो. रिक्षावाल्यानं वळून बघितलं. जीप सरळ जात होती, माझे हात तिला जाऊ देत नव्हते. गाडी सरकायच्या आधी आडवं जायची ती जुनी सवय, आणि आता पलीकडून लगेच उत्तर येत होतं. दोन बोटं हलवली की जीप दोन बोटं वळायची. हात मांडीवर ठेवून बघावेसे वाटले, पण धीर झाला नाही. बरं वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण त्याच्या खाली एक चुकल्यासारखंही होतं. आप्पांच्या हातांची जी नक्कल मी नकळत इतकी वर्षं करत होतो, ती आता नुसती चुकीची ठरत होती. काही दिवस ती राहिली. मग एकदा पंढरपूर रोडला लक्षात आलं की हात थांबलेत. किती वेळ थांबले होते, ते कळलं नाही.

मिस्त्रीनं बजावलं होतं की पाचर नवी आहे, पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायला या. त्याच्याकडं जायचं जमलं नाही, म्हणून रविवारी पान्याला पाइप लावून स्वतःच गाडीखाली शिरलो. डावीकडचे दोन नट पाव फेरा फिरले, उजवीकडचे जागचे हलले नाहीत. वेल्डिंगच्या पट्टीवरून बोट फिरवलं, भुकटी कुठं दिसते का बघितली, नव्हती. शेजारचे काका कंपाउंडवरून वाकून बघत होते. "काय हो, विकायला काढली का?" म्हटलं, नाही, नट आवळतोय. ते बराच वेळ तिथंच उभे राहिले आणि मग म्हणाले की त्यांच्या मेहुण्याकडंही अशीच एक आहे, ती डावीकडं ओढते. मी खालूनच विचारलं, "ब्रेक मारल्यावर ओढते की नुसती चालताना?"